मुंगी अन्न की भेसळ? अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय: आठवडी बाजारात द्रोणातून विकल्या जाणाऱ्या लाल मुंग्यांबाबत

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षक. घर सिंधुदुर्गात, पण नोकरीची अकरा वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत काढली. गेल्या महिन्यात भाचा बँकॉकहून आला आणि खाऊ म्हणून एक चकचकीत पाकीट घेऊन आला. आत भाजलेले, मसाला लावलेले नाकतोड्यासारखे किडे, म्हणजे रातकिडे. पाकिटावर प्रथिनं किती, कॅलरी किती, सगळं नीट छापलेलं. घरातल्या सगळ्यांनी एकेक उचलून खाल्ला, फोटो काढले, "चण्यासारखा लागतो की" असं म्हणून झालं. सूनबाईंनी तर उरलेलं पाकीट डब्यात घालून ठेवलं. याच घरात वीस वर्षांपूर्वी मी गडचिरोलीहून पानात बांधून लाल मुंग्यांची चटणी आणली होती, तेव्हा ती उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आईने ती मला पडवीत बसून खायला लावली आणि वर ताट वेगळं घासायला सांगितलं.

त्या दिवसापासून डोक्यात जे घोळतंय ते तुमच्या कानावर घालतो.

आमच्याकडे या मुंग्यांना हुमले म्हणतात. आंब्या-काजूच्या झाडावर जिवंत पानं एकमेकांना शिवून केलेलं, नारळाएवढं घरटं ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. शिवण कशी घालतात हे मात्र मला फार उशिरा कळलं. पाच-पन्नास मुंग्या रांगेने उभ्या राहून दोन पानांच्या कडा जवळ ओढून धरतात, आणि बाकीच्या तोंडात आपलीच अळी धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशमाचा धागा सुटतो. म्हणजे अळी हा त्यांचा हातमागाचा धोटा. मोठ्या झालेल्या मुंगीला स्वतःला धागा काढता येत नाही, म्हणून लेकराकडून घर शिवून घ्यायचं! लहानपणी मात्र आमचं हुमल्यांशी नातं एवढंच: आंबे उतरवायला चढणारा गडी हातापायाला राख चोळून चढायचा आणि तरीही शिव्या देतच उतरायचा. काजूवर औषध फवारताना वडील सर्वांत आधी पंप हुमल्यांच्या घरट्यावर रोखायचे. हुमला म्हणजे शत्रू, एवढंच माहीत.

हे डोक्यात घेऊन मी भामरागडला गेलो. पहिल्याच वर्षीची गोष्ट. सणाची सुट्टी संपवून मुलं वसतिगृहात परतली. पाचवीतल्या एका मुलाच्या पिशवीत पळसाच्या पानांचं, वेलीने बांधलेलं पुडकं निघालं. उघडलं तर आत लालसर-तपकिरी लगदा आणि त्यात स्पष्ट दिसणारे पाय. वास आंबूस. मी नवा, त्यात स्वच्छतेचं खातं माझ्याकडे. शाळेत अन्नाची तपासणी होते, उद्या कुणाला काही झालं तर काय, हा सगळा विचार एका क्षणात करून मी ते पुडकं त्या मुलाच्या हातानेच कचऱ्याच्या खड्ड्यात टाकायला लावलं. तो काही बोलला नाही. रडलाही नाही. रात्री जेवायला मात्र आला नाही.

पुढच्या आठवडी बाजारी त्याची आजी शाळेत आली. तिला मराठी येत नव्हती, मला माडिया येत नव्हती. मधे उभा तोच मुलगा. ती एक वाक्य बोलली. त्याने ते खाली मान घालून मला सांगितलं, "सर, आजी विचारते, तुमच्या गावाला खायच्या वस्तू खड्ड्यात पुरतात का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक दिलंच नाही. पण आजीने मला सोडलं नाही. बाजारात तिच्यासमोर फतकल मारून बसायला लावलं. तो बाजार बघण्यासारखा असायचा. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे जवळ येतात, इंद्रावतीपलीकडे बस्तर. पलीकडची माणसंही बाजाराला यायची. मीठ, मिरची, सुकट, बांगड्या, कोंबडे, मोहफुलं, आणि फेब्रुवारीपासून उन्हाळा संपेपर्यंत एका कडेला पाच-सहा बायका ओळीने, पुढ्यात पानांचे द्रोण. द्रोणात जिवंत मुंग्या, त्यांची पांढरी अंडी आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या अळ्या. मुंग्या कडेवरून बाहेर यायला बघत आणि आजी बोटाने त्यांना परत आत ढकलायची, गप्पा मारता मारता, न बघता. तिला एकदाही चावलेलं मी पाहिलं नाही. मला पहिल्या पाच मिनिटांत तीन चावल्या.

चटणी तिने घरी करून दाखवली. घरटं पहाटे उतरवायचं, कारण थंडीत मुंग्या सुस्त असतात. फांदी सपकन तोडायची, खाली धरलेल्या कापडात झटकायची आणि कापडाची तोंडं आवळायची. मग थोडा वेळ ऊन दाखवायचं किंवा गरम तव्यावर नुसत्या फिरवायच्या. पाट्यावर आलं, लसूण, लाल मिरची, मीठ आणि मुंग्या. रगडताना नाकाला झोंबतं. मुंगीच्या अंगात फॉर्मिक आम्ल असतं, तोच तो आंबटपणा. पहिल्या घासाला मला आठवलं ते आमचं कोकमाचं आगळ. दुसऱ्या घासाला लक्षात आलं की तोंडात जी बारीक कुरकुर होतेय ती ओळखीची आहे. जवळ्याची चटणी!

इथे कोकणी माणूस म्हणून मला माझी लाज वाटली, ती सांगतो. जवळा म्हणजे काय? पुष्कळ पायांचा, टरफलाचा, मिशांचा, नखाएवढा जीव. आम्ही तो वाळवतो, कांदा-खोबऱ्यात परततो, भाकरीबरोबर मिटक्या मारत खातो, मुंबईच्या पाहुण्यांना बांधून देतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात जवळा, कोळंबी, खेकडा आणि मुंगी हे सगळे एकाच मोठ्या कुळातले, संधिपाद. त्यातला पाण्यातला भाऊ आमच्या ताटात आणि झाडावरचा भाऊ फवारणीच्या पंपाखाली. कारण शोधायला गेलात तर एकच सापडतं: आमच्या आज्यांनी जवळा खाल्ला, त्यांच्या आज्यांनी मुंगी.

आता तुमच्या कायद्याकडे येतो. वकील नाही मी, पण शाळेत परिपत्रकं वाचून वाचून कायद्याची भाषा अंगवळणी पडलीय. निवृत्तीनंतर वेळ होता म्हणून 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा दोनदा वाचला. त्यातल्या कलम 3 मध्ये 'असुरक्षित अन्न' कशाला म्हणायचं याची लांबलचक व्याख्या आहे. त्यात एक कारण असं की अन्नाला अळ्या, सोंडे किंवा कीटक लागलेले असणं. बरोबरच आहे. तांदळात सोंडे निघाले तर दुकानदाराला जाब विचारलाच पाहिजे. पण कीटक हेच ज्याचं अन्न आहे त्याचं काय? मुंग्यांच्या द्रोणाला मुंग्या लागल्यात असं म्हणायचं का?

त्याच कलमात 'अन्न' या शब्दाची व्याख्या आहे. जिवंत प्राणी हे अन्न नाही, माणसाने खाण्यासाठी बाजारात आणताना त्यांच्यावर काही प्रक्रिया केली तरच ते अन्न, असं ती सांगते. गंमत बघा. आजीच्या द्रोणातली मुंगी जिवंत. म्हणजे ती विकत असते तेव्हा ते अन्नच नसतं. घरी नेऊन पाट्यावर रगडली की ते अन्न होतं, आणि कुणी अधिकारी शब्दाला धरून बसला तर त्याच क्षणी असुरक्षितही होतं.

यापेक्षा मला टोचलं ते कलम 18. त्यात शेवटी म्हटलंय की शेतकरी किंवा मच्छीमार यांना आणि त्यांच्या शेतावरच्या, मासेमारीच्या कामाला हा कायदा लागू नाही. फार शहाणपणाची सूट आहे. आमच्या गावातल्या भाजीवाल्या काकूंना आणि होडीवरून थेट मासळी उतरवणाऱ्यांना तिचा केवढा आधार. पण शेतकरी आणि मच्छीमार यांच्या शेजारी तिसरा माणूस हवा होता, तो नाही. रानातून वेचून आणणारा. या देशात शेतीच्या आधीपासून जो धंदा चालू आहे, तो करणारा माणूसच कायदा लिहिणाऱ्यांना आठवला नाही. कंद, मशरूम, रानभाज्या, मुंग्या, शिंपले वेचणाऱ्या बायका कुठल्या रकान्यात बसतात?

वनहक्क कायदाही 2006 चाच. त्यात गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, व्याख्या सुरू होते ती 'वनस्पतीजन्य' या शब्दाने. पुढे मग त्याच यादीत टसर, कोष, मध, मेण, लाख हेही येतं. लाख काय झाडाला लागते? ती किड्याची. मध माशीचा, टसर अळीचं. म्हणजे किड्याने बनवलेली वस्तू 'वनस्पतीजन्य' म्हणून चालते, किडा तेवढा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे त्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचे लिलाव स्वतः करू लागल्या. मुंग्यांचं नाव त्या यादीत कुणी घातलं नाही, आणि घालावं असं कुणी म्हटल्याचंही मी ऐकलं नाही.

लाखेवरून आठवलं. सफरचंदाला चकाकी यावी म्हणून त्यावर मधमाशीचं मेण किंवा लाखेचा थर द्यायला तुमचे नियम परवानगी देतात, लेबल लावलं की झालं. मध आणि लाख असलेला पदार्थ शाकाहारीही ठरतो, हिरव्या ठिपक्यासह. मला यात काही गैर वाटत नाही. माझी पत्नी चतुर्थीला मध घालून पंचामृत करते आणि ते मी भक्तिभावाने पितो. म्हणणं इतकंच की किड्याशी आपलं वाकडं नाही. वाकडं आहे ते तो किडा कोण खातो याच्याशी.

आणि सरकारचा एक हात काय करतो हे दुसऱ्या हाताला कळत नाही, याचा नमुना घ्या. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात याच मुंग्यांची चटणी करतात, तिकडे तिला काई चटणी म्हणतात. 2 जानेवारी 2024 रोजी 'सिमिलिपाल काई चटणी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आमच्या देवगड हापूसच्या पंगतीत ती जाऊन बसली. मुंग्यांची चटणी हा भारताचा नोंदणीकृत वारसा आहे, असं केंद्र सरकारच्या एका कार्यालयाने शिक्का मारून सांगितलं. तीच चटणी बाटलीत भरून विकायची म्हटली तर त्या शिक्क्याचा उपयोग किती? माझ्या माहितीप्रमाणे कीटकांसाठी तुमच्याकडे स्वतंत्र मानक नाही. ज्या पदार्थाचं मानक ठरलेलं नाही त्याला 2017 च्या नियमांखाली आधी तुमची मंजुरी घ्यावी लागते. सुरक्षिततेची कागदपत्रं, प्रयोगशाळेचे अहवाल, शुल्क. हे कोण करू शकतं ते तुम्ही मला सांगायची गरज नाही, मीही तुम्हाला सांगत नाही.

काई चटणीच्या बाबतीत उलट टोकही गाठून झालंय, तेही सांगायला हवं. कोरोनाच्या काळात ही चटणी त्या आजारावर औषध म्हणून देशभर वापरावी अशी मागणी घेऊन कुणीतरी न्यायालयात गेलं होतं. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. उत्तम झालं. मुंगीला घाण म्हणणारे जितके मला खटकतात तितकेच तिला संजीवनी म्हणणारे. आजी चटणी करायची ती पेजेबरोबर तोंडाला चव यावी म्हणून. सर्दी झाली की जरा जास्त मिरची घालून करायची, तसं आमच्याकडेही सर्दीला कुळथाचं कढण करतात. पण कुळथाच्या कढणाला कुणी कोर्टात नेलं नाही.

प्रथिनांबद्दलही थोडं हात राखूनच बोलतो. 2013 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने खाद्य कीटकांवर मोठा अहवाल काढला. जगात 1,900 हून अधिक जातींचे कीटक खाल्ले जातात, असं त्यात नोंदवलंय. त्याच अहवालातली एक तुलना सगळीकडे फिरते: रातकिड्याचं वजन एक किलोने वाढायला साधारण दोन किलो खाद्य पुरतं, बैलाचं वाढायला आठ किलो लागतं. खरं आहे. पण हे आकडे पाळलेल्या रातकिड्यांचे. रानातल्या हुमल्यांना ते चिकटवू नका. द्रोणात मावतात तेवढ्या ओल्या मुंग्यांत पाणीच जास्त. चटणी चमचाभर खायची असते. भामरागडच्या कुपोषणावर मुंगी हा उतारा आहे असं कुणी भाषणात म्हणालं तर मी पहिला उठून जाईन. ज्या राज्यात शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं 2023 च्या नोव्हेंबरात ठरतं आणि 2025 च्या जानेवारीत राज्य सरकार त्याचे पैसे बंद करतं, तिथे मुंगीच्या प्रथिनांवर परिसंवाद घेण्याआधी अंडं परत द्या.

मग मी भांडतोय कशासाठी? तर अन्न म्हणून मान मिळावा एवढ्यासाठी, आणि पुढे जे येऊ घातलंय त्याच्या धास्तीपायी.

युरोपीय संघाने 2021 मध्ये वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्म अळीला अन्न म्हणून मान्यता दिली, पाठोपाठ टोळ आणि रातकिडेही आले. सिंगापूरने 2024 च्या जुलैत एकदम 16 जातींना परवाना दिला. थायलंडमध्ये 1998 च्या सुमारास खोन केन विद्यापीठाने शेतकऱ्यांना रातकिडे पाळायला शिकवलं. 2013 च्या त्या अहवालात तिथल्या रातकिड्यांच्या शेतांची संख्या सुमारे 20,000 दिली आहे. माझ्या भाच्याचं पाकीट त्यातूनच आलेलं. आज ना उद्या हा धंदा आपल्याकडे येणार. एखादी कंपनी रातकिड्याचं पीठ घालून प्रोटीन बार काढेल, तुमच्याकडे अर्ज करेल, वर्ष-दोन वर्षांत मानकं ठरतील. त्यात काय असेल ते मी आत्ताच सांगतो. बंदिस्त जागेत पाळलेले, ठरावीक खाद्य दिलेले, ठरावीक तापमानाला मारलेले, तारीख-वार नोंदलेले कीटक म्हणजे अन्न. बाकी सगळं बेकायदा. त्या दिवशी पुण्याच्या मॉलमधला बार कायदेशीर होईल आणि भामरागडच्या बाजारातला द्रोण, जो कालपर्यंत निदान कायद्याच्या नजरेआड होता, तो गुन्हा होईल.

असं होत नाही असं म्हणू नका. मोहाच्या दारूचं काय झालं ते आम्ही बघितलंय. ज्यांनी गाळली त्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या छापे पडले. आता बाटलीबंद मोह दुकानात मिळतो, लेबलावर आदिवासी बाईचं चित्र असतं.

तर मागणी अशी. कीटकांची मानकं लिहायला घ्याल तेव्हा पहिलं पान रानातून वेचणाऱ्यांसाठी ठेवा. कलम 18 मधल्या शेतकरी आणि मच्छीमार यांच्या ओळीत वनोपज वेचणारा हा तिसरा शब्द यावा, यासाठी सरकारकडे शिफारस करा. कायदा बदलणं तुमच्या हातात नाही हे मला ठाऊक आहे, शिफारस करणं आहे. ओल्या, जिवंत, त्याच दिवशी विकल्या जाणाऱ्या मुंग्यांना कारखान्यातल्या पिठाचे नियम लावू नका. ते म्हणजे होडीवरच्या ताज्या बांगड्याला डबाबंद ट्यूनाचे नियम लावणं.

आणि हे लिहिण्याआधी बस्तरमधल्या मुंग्यांच्या चापडा चटणीपासून झारखंडच्या देमता चटणीपर्यंत कोण काय खातं, कधी खातं, कुठलं खात नाही, हे त्या त्या माणसांकडून ऐका. तमिळनाडूत पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारी पंखवाली वाळवी भाजून कुरमुऱ्यांबरोबर खातात. अरुणाचलातल्या न्यीशी आणि गालो लोकांकडे संशोधकांनी 81 जातींच्या खाद्य कीटकांची नोंद केलीय. आसामात एरी रेशमाचा किडा मुळात कोशातल्या किड्यासाठीच पाळतात असं म्हटलं तरी चालेल. किडा खाण्यासाठी बाहेर काढतात, मागे राहिलेल्या कोशाचं सूत होतं. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात 'अहिंसा सिल्क' म्हणून जी साडी मिळते ती बऱ्याचदा एरीची असते. घेणाऱ्या बाईंना दुसरी बाजू कुणी सांगत नाही. मीही सांगत नाही, उगाच कुणाचा धंदा बसवायचा नाही मला.

महाराष्ट्रात कीटकांपासून खरोखर मोठ्या प्रमाणावर प्रथिनं हवी असतील तर मुंगीपेक्षा रेशीमकिड्याकडे बघा. मराठवाड्यात तुतीची शेती वाढली, जालन्यात कोषांची बाजारपेठ झाली. आरमोरीकडे ढिवर समाज पिढ्यान् पिढ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे सांभाळतोय. कोष उकळून धागा ओढला की आत किडा उरतो. एक किलो कच्च्या रेशमामागे असे साधारण दोन किलो वाळलेले किडे निघतात, आणि वाळलेल्या किड्यात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. कोरियात हेच उकडून 'बोंदेगी' नावाने रस्त्यावर विकतात. आपल्याकडे ते कोंबड्यांना, माशांना किंवा खताला जातात, आणि त्यांचा वास गावाबाहेरपर्यंत येतो. माणसाने खावेत असं माझं म्हणणं नाही, मला स्वतःला तो वास सहन होत नाही. पण कोंबडीच्या खाद्यात नीट, तपासून, दर ठरवून गेले तर सोयाबीनच्या पेंडीवरचा थोडा भार हलका होईल आणि कोष पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतील. एवढं तर ज्यांना किड्याची किळस येते त्यांनाही मान्य व्हायला हरकत नाही.

तपासणी हवीच. मी आडमुठा नाही. ज्या झाडावर औषध मारलंय त्या झाडावरची मुंगी विषारी होऊ शकते, हे काजूवाल्या घरात वाढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. 2020 च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आली होती. त्याच वर्षी पाकिस्तानातल्या ओकारा जिल्ह्यात रात्री झाडांवर बसलेले टोळ लोकांकडून किलोने विकत घेऊन कोंबडीखाद्यात वापरून बघितले गेले. ते जमलं कारण तिथे फवारणी केलेली नव्हती. आपल्याकडे दिसले की फवारले. फवारलेला टोळ कोंबडीनेही खाऊ नये.

म्हणून प्रयोगशाळा लागेल. पण तिचा खर्च द्रोणवाल्या बाईच्या माथी नको. वर्षातून दोनदा बाजारातून नमुने उचला, कीटकनाशकाचे अंश आणि जड धातू तपासा, निकाल त्याच बाजारात, माडियात आणि मराठीत, फळ्यावर लिहा. जंगल टिकवायचं कसं हे मात्र त्यांना शिकवायला जाऊ नका. मुंग्यांच्या एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि राणी त्यातल्या एकाच घरट्यात असते. आजी घरटं उतरवण्याआधी झाडाला दोन फेऱ्या मारायची, मुंग्यांची वर्दळ कुठे सर्वांत दाट आहे ते बघायची आणि ते घरटं सोडून द्यायची. विचारलं तर म्हणायची, पुढच्या वर्षी कुठून आणू? हल्ली रस्त्यालगत काही पोरं सरसकट फांद्या तोडून घरटी गोळा करतात, शहरातल्या हॉटेलांना आणि व्हिडिओवाल्यांना द्यायला. तिथे लक्ष घालायला हवं, आणि ते काम ग्रामसभा तुमच्यापेक्षा चांगलं करतील.

माझं स्वतःचं म्हणाल तर काजूच्या बागेत गेली सात वर्षं हुमल्यांवर पंप चालवलेला नाही. काजूच्या मोहोराचा रस शोषणारा ढेकण्या हुमल्यांना घाबरतो. ऑस्ट्रेलियात काजूच्या बागांत यावर काम झालंय. चीनमध्ये तर इसवी सन 304 मधल्या एका ग्रंथात संत्र्याच्या बागेत सोडण्यासाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकत मिळत असल्याची नोंद आहे. सतराशे वर्षांपूर्वी तिथे माल म्हणून विकली जाणारी वस्तू आमच्या वडिलांनी एन्डोसल्फान मारून संपवली. गडी लोक अजून कुरकुरतात. मी त्यांना राख देतो.

ज्या मुलाचं पुडकं मी खड्ड्यात टाकायला लावलं, तो आता तिकडेच शिक्षक आहे. त्याच्या वसतिगृहात सुट्टीनंतर मुलं पुडकी आणतात तेव्हा तो काय करतो, असं मी त्याला फोनवर विचारलं. म्हणाला, "सर, तपासतो. कुठल्या झाडावरची ते विचारतो. मग माझा वाटा काढून घेतो." यावर तुमच्या एखाद्या समितीने विचार करावा, कारण यात नियमावली पूर्ण आहे.

आजी गेली, पण बाजारातली तिची जागा सुनेने धरली आहे. तुमच्यापैकी कुणी यायचं ठरवलं तर फेब्रुवारीनंतर या. आलापल्लीवरून बस मिळते. रस्ता वेळखाऊ आहे, तेव्हा आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा. मुंग्यांचे द्रोण सकाळी लवकर लागतात आणि ऊन चढायच्या आत संपतात. दुपारी पोचलात तर सुकट आणि बांगड्याच बघायला मिळतील, आणि अहवालात 'असा कोणताही पदार्थ विक्रीस आढळला नाही' असं लिहावं लागेल.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
जिल्हा सिंधुदुर्ग

ता.क. येणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कुणाला कोळंबी-खेकड्याने अंगावर पित्त उठत असेल, तर त्यांनी चटणी चाखू नये. मुंगी त्याच कुळातली, तिनेही उठू शकतं. हे वाक्य मानकांतही घाला.